सड्यावरचा ट्रॅक्टर आणि पाखाडीवरचा रायवळ

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या मागे डोंगराकडे. वारा पडल्यावर घराबाहेर आलो तेव्हा पडलेली झाडं नंतर दिसली, आधी दिसलं ते आभाळ. मागच्या दारातून आजवर कधी आभाळ दिसलं नव्हतं.

दीड एकरात सुपाऱ्या किती गेल्या ते मोजायचं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नाही. माड सात, साग नऊ, फणस दोन, हापूस दोन आणि आजोबांच्याही आधीपासूनचा एक रायवळ, म्हणजे बाठ्यापासून वाढलेला गावठी आंबा. पुढच्या आठवड्यात आम्ही ट्रॅक्टर आणि विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, लावून ही सगळी झाडं काढली, पण लिहायचं आहे ते त्या एका रायवळाबद्दल. बाकीची झाडं कशीही निघाली असती. या एकाने तीन दिवसांतला दीड दिवस खाल्ला, आणि चूक आमचीच होती.

तो पडला होता पाखाडीवर. वर जांभ्याचा सडा, सपाट आणि काळा. सड्याच्या कडेपासून वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन, उतरते, नाचणीच्या जुन्या पायऱ्या, त्यांचे दगडी बांध. त्याखाली आमचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्याखाली वाडीची अकरा घरं. सड्यावरून वाडीत यायला जांभ्याच्या पायऱ्यांची एकच पाखाडी. वाडीत चाक कधी उतरलेलं नाही. आजारी माणूस खुर्चीत बसवून वर नेतात, सिलिंडर खांद्यावर खाली आणतात. रायवळ कोसळला तो उताराला आडवा. मुळांचा गड्डा दक्षिणेला उभा राहिला आणि शेंडा गडगा फोडून पाखाडीवर. फांद्यांखाली नळपाण्याचा पाइप चेपलेला. वीज नव्हती, फोन नव्हते, टाळेबंदीचे दिवस. जेसीबी सड्यापर्यंत आला असता, पण त्याचा हात तिथून खाली पोचला नसता. शिवाय त्या आठवड्यात तालुक्यातला प्रत्येक जेसीबी रस्ते मोकळे करण्यात अडकलेला होता.

पाखाडीपुरत्या फांद्या आम्ही दुसऱ्याच दिवशी कोयत्या-कुऱ्हाडीने काढल्या, माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली. त्याआधी सगळ्या झाडांचे फोटो काढून ठेवले. आंबा, फणस आणि साग ही तिन्ही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतली झाडं. वाऱ्याने पाडली म्हणून कुणीही उचलून टेम्पोत टाकावीत असं नसतं, आणि भरपाईसाठी पंचनामाही व्हायचा होता. वनरक्षकाला चालत जाऊन सांगून आलो, तलाठ्यांना निरोप धाडला. हा कागदोपत्री भाग इथेच संपवतो. त्यात शिकण्यासारखं एवढंच, की कापायच्या आधी फोटो.

ट्रॅक्टर ८ तारखेला सकाळी आला, खेडकडून. मालक स्वतःच चालवतो. चाळीसच्या आतल्या हॉर्सपॉवरचा, वजन दोन टनांच्या आतबाहेर. मागे थ्री पॉइंटला, म्हणजे अवजारं जोडायच्या तीन दांड्यांना, लावलेला एका ड्रमचा विंच, पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागे देणाऱ्या दांड्यावर, फिरणारा. कोडगूच्या एका कॉफी मळ्यातून त्याने तो जुना विकत घेतला होता. आपल्याकडे असा विंच फारसा दिसत नाही. विहीर खणायची यारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मात्र त्यात नवं काही नाही. ड्रम, वायररोप, क्लच, ब्रेक. यारी दगड सरळ वर उचलते, हा जमिनीवरून ओढतो, एवढाच फरक. निदान आम्हाला तेव्हा तेवढाच वाटला होता.

विंचची ओढ तीन टन, दोर दहा मिलिमीटरचा पोलादी, लांबी पन्नास मीटर. विंचच्या मागे जाड पत्र्याची एक ढाल असते. हायड्रॉलिकने ती खाली टेकवायची, ओढ लागली की ती मातीत रुतते आणि ट्रॅक्टरला धरून ठेवते. खरा नांगर ती ढाल. चाकांवर भरवसा ठेवला तर दोन टनांचा ट्रॅक्टर कोरड्या जमिनीवर टन-सव्वा टनाच्या ओढीलाच घसरायला लागतो. क्लचला एक लांब दोरी बांधलेली. चालवणारा सीटवर बसत नाही, बाजूला पाच-सहा हात दूर उभा राहून दोरी ओढतो. दोरी सोडली की ओढ थांबते. ही व्यवस्था ज्या कुणाला सुचली त्याने कित्येक जीव वाचवले असणार.

करवतवाले मामा शेजारच्या वाडीतले, साठी उलटलेले. चेनसॉ त्यांची स्वतःची. शिवाय तीन गडी, काका आणि मी. माझं काम पुण्यात शेतीयंत्रांच्या तपासणीचं, टाळेबंदीमुळे गावी अडकलेलो. थोडक्यात, या मंडळींत कागदावर सगळ्यात जास्त कळणारा मी होतो. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या सकाळी रायवळाला हात लावायच्या आधी एक फणस काढला. मुळं उपटून पडलेला, बुंधा जमिनीला टेकलेला, मुळांचा गड्डा पुरुषभर उंच उभा. गड्ड्याखालचा खड्डा सावलीत आणि गार. काकांनी पाण्याची कळशी त्यात नेऊन ठेवली होती. मामांनी बुंधा गड्ड्यापासून दोन हातांवर कापायला घेतला. करवत चारातले तीन भाग आत गेली, लाकूड कडकडलं, आणि शेवटची दोन बोटं तुटली तशी तो गड्डा उलटा फिरून धप्पकन खड्ड्यात बसला. सगळं झाड जणू पुन्हा उभं राहिलं, फक्त बुंधा दोन हातांचा. कळशी वर आली ती भाकरीसारखी चपटी होऊन.

पाच मिनिटांपूर्वी पुतण्या पाणी प्यायला त्याच खड्ड्यात उतरला होता. त्यावर कुणीच काही बोललं नाही. काका बराच वेळ ती कळशी हातात धरून बसले.

कारण तसं साधं आहे. झाड वाऱ्याने कलतं तेव्हा खालच्या बाजूची मुळं बहुतेक तुटत नाहीत, वाकतात. बिजागरी असते तशी. वरून बुंध्याचं वजन आहे तोवर गड्डा उचललेला राहतो. वजन काढलं की मातीचा भार आणि वाकलेली मुळं त्याला परत खाली आणतात. कधी हळू, कधी एका झटक्यात, आणि कधी येतही नाही. येणार की नाही हे बाहेरून सांगता येत नाही. पोटात धस्स होतं ते यानेच. रायवळाचा गड्डा तर फणसाच्या दुप्पट होता. म्हणून त्याचा बुंधा कापायच्या आधी गड्ड्याच्या वरच्या मुळाला साखळी घालून ती बुंध्याच्या अंगाच्या एका सागाच्या खोडाला ताणून बांधली, आणि खड्ड्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही म्हणून दोन्ही बाजूंना लाल साडीची चिंधी लावली. पुतण्याला घरी पाठवलं. तो रडला, पण पाठवलं.

जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुद्रुन नावाच्या वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड पाडलं. तिथेही बरंचसं जंगल छोट्या शेतकऱ्यांच्या मालकीचं, घरोघरी ट्रॅक्टर आणि विंच. त्यांनाही वादळानंतरच्या साफसफाईत माणसं गमवावी लागली. कामाची सवय असलेल्यांच्या देशात ही गत. उभं झाड पाडताना ते कुठे पडणार याचा विचार निदान प्रत्येकजण करतो. पडलेल्या झाडाचं मात्र सगळं होऊन गेलंय असं वाटतं. त्याच्या पोटात वादळाचा ताण भरलेला असतो. एक बाजू ताणलेली, एक दाबलेली. मामा हे शिकलेले नव्हते, पण बुंध्याला हात लावून आधी विचार करायचे. दाबाच्या बाजूने थोडं, मग ताणाच्या बाजूने सावकाश, स्वतः नेहमी वरच्या अंगाला उभे. करवत एकदाही अडकली नाही.

रायवळाचा गड्डा सागाच्या साखळीवर तसाच लटकून राहिला. आता आमच्यापुढे बुंधा होता. घेर सात फूट दहा इंच, दुबेळक्यापर्यंत लांबी बरोबर बारा फूट.

इथे काकांचं आणि माझं जुंपलं. काकांना बारा फुटी फळ्या हव्या होत्या, माळ्यासाठी. "एवढ्या लांबीचा आंबा आता मिळणार आहे का? कापून तुकडे केलेस तर पेट्याच होतील त्याच्या." खरं होतं ते. आंब्याच्या लाकडाच्या नशिबी बहुतेक आंब्याच्याच पेट्या येतात. मी डोक्यात हिशोब केला. लाकूडवाल्यांच्या रीतीने घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, म्हणजे ४६ घनफूट. ही रीत लाकूड पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी दाखवते, गोल लाकडाचं खरं घनफळ ५८ च्या पुढे जातं. विकताना ४६, ओढताना ५८. ओला आंबा घनमीटरला आठशे-नऊशे किलो धरला तर ओंडका सव्वा ते दीड टनाचा. विंच तीन टनांचा. उतार वीस अंशांच्या आसपास. ओबडधोबड जमिनीवर ओढताना घर्षण वजनाच्या साठ-सत्तर टक्के, चढाचा भाग आणखी पस्तीस टक्के. म्हणजे ओढ जवळजवळ ओंडक्याच्या वजनाइतकी, दीड टन. तीन टनांच्या विंचला निम्मं काम. मी काकांना म्हटलं, "निघेल अख्खा."

हिशोब बरोबर होता. फक्त तो ओंडक्याचा होता, ट्रॅक्टरचा नव्हता.

ट्रॅक्टर आम्ही सड्याच्या कडेला उभा केला, कडेपासून दोन-अडीच मीटरवर, कारण तिथून ओंडका दिसत होता आणि दोर सरळ जात होता. खालपर्यंत अंतर तीस मीटर. दोराचा फास ओंडक्याच्या शेंड्याकडच्या टोकापासून हातभर आत घातला. ओढ सुरू झाली. ओंडका आडव्याचा उभा होत वळला, बारीक टोक वर करून चढायला लागला. पाच-सहा मीटर आला. मग नाचणीच्या एका जुन्या बांधाला त्याचं नाक जाऊन भिडलं.

आणि ट्रॅक्टर मागे सरकायला लागला.

सड्यावर माती किती असते? दोन बोटं, कुठे चार. खाली सलग कातळ. ढाल त्या दोन बोटांच्या मातीला खरवडत कातळावर आली आणि तव्यावर उलथनं फिरावं तशी किर्र करत घसरली. मागची चाकं धरून होती तोवर पुढची हलकी झाली. मी पाहिलं तेव्हा पुढचं डावं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. ट्रॅक्टरवाल्याने दोरी सोडली. तो सीटवर नव्हता. असता तर त्याचं पहिलं लक्ष क्लचच्या पायाकडे गेलं असतं की स्टिअरिंगकडे, कोण जाणे. मागे उलटायला ट्रॅक्टरला दीड-दोन सेकंद पुरतात. आणि मागे होती ती सड्याची कड.

"भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "इथं नाय होणार." मग बिडी पेटवली.

दुपारी आम्ही सगळे सावलीला बसलो. सावली म्हणजे सड्याच्या कडेला उभा असलेला ऐन. तेवढ्या पट्ट्यात वादळाने न हलवलेलं ते एकमेव मोठं झाड, घेर पाच फुटांचा. मी मातीत काटकीने रेघा मारत होतो. सकाळी मी विचारलेला प्रश्न होता, विंचला ओढवेल का. विचारायला हवे होते ते दुसरेच. ट्रॅक्टर कशाला धरून उभा राहणार? दोर कुठल्या उंचीवरून, कुठल्या कोनातून जाणार? आणि ओंडक्याचं नाक वाटेत कशाला अडणार? तीन टन ही विंचची ताकद, पण काम ठरतं ते या तिघांतल्या सगळ्यात कच्च्या दुव्यावर. आमच्याकडे तिन्ही कच्चे होते.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती आणि तरी सकाळी आठवली नव्हती. विंचची सांगितलेली ओढ ही ड्रमवरच्या सगळ्यात खालच्या थराची असते. दोर गुंडाळत जातो तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होत जाते. भरलेल्या ड्रमवर आमचा तीन टनांचा विंच दोन टनांच्या जवळ येत होता. म्हणजे ओंडका लांब असतो तेव्हा विंचमध्ये सगळ्यात जास्त दम, आणि तो सड्याच्या कडेशी, सगळ्यात अवघड पायरीशी आला की दम सगळ्यात कमी. बैलाचंही असंच होतं म्हणा, घर जवळ आल्यावर चढण असेल तर. पण बैल थांबतो, विंच थांबत नाही.

काकांनी जागा सुचवली. कडेपासून बारा मीटर मागे, सड्यावरच, एक जुनं भाताचं खाचर होतं, कधीकाळी डोक्यावरून माती आणून भरलेलं. त्याचा बांध कमरेएवढा, आत हात-दीड हात माती. "आजोबांनी घातलेला बांध आहे, ट्रॅक्टर धरेल." ट्रॅक्टर त्या बांधाच्या आत उभा केला आणि ढाल बांधाच्या पायाशी टेकवली. आता ती घसरायची तर आख्खा बांध घेऊन घसरली असती.

पण तिथून दोर सरळ ओंडक्याकडे जात नव्हता. ट्रॅक्टरच्या सरळ रेषेपासून फार तिरपा दोर घेतला की ओढ ट्रॅक्टरला बाजूला पाडायला बघते, त्यामुळे वळण ट्रॅक्टरपाशी घ्यायचं नव्हतं. ते ऐनावर घेतलं. ऐनाला रुंद नायलॉनचा पट्टा, त्यात शॅकल, म्हणजे पोलादी कडी, शॅकलला कप्पी. साखळी बांधली असती तर सालीत रुतून झाड गेलं असतं. पट्टा छातीच्या उंचीवर बांधला, त्याहून वर नाही. उंचावर बांधला तर ओंडक्याचं नाक अधिक उचललं जातं हे खरं, पण झाडाला मुळापासून उखडायला तेवढीच लांब पहार मिळते. बांधण्याआधी मामांनी ऐनाच्या बुंध्याभोवती फिरून जमीन पाहिली, कुठे भेग आहे का. वादळानंतर उभं असलेलं प्रत्येक झाड धडधाकट असतंच असं नाही. कित्येकांची मुळं आत तुटलेली असतात आणि ती पुढच्या धक्क्याची वाट बघत असतात. ऐनाखाली भेग नव्हती.

कप्पीवर किती भार येतो हे दोर किती वळतो त्यावर अवलंबून. दोर पूर्ण उलटा फिरून परत आला तर कप्पीवर ओढीच्या दुप्पट, काटकोनात वळला तर जवळजवळ दीडपट. आमचं वळण सौम्य होतं, दोराच्या दोन बाजूंमध्ये १४० अंशांच्या आसपास कोन. म्हणजे तीन टनांच्या ओढीला ऐनावर दोन टन. ऐनाला हे जड नव्हतं. जड होतं ते वेगळंच. कप्पी किंवा पट्टा सुटला तर ताणलेला दोर सरळ व्हायला बघतो आणि वळणाच्या आतली सगळी जागा झाडून काढतो. तो त्रिकोण मी फक्कीने आखला आणि सगळ्यांना सांगितलं, ओढ चालू असताना इथे कुत्रंसुद्धा नको. कुत्र्याने ऐकलं नाही, त्याला बांधावं लागलं.

मग बुंधा. या वेळी काकांनी स्वतःच विषय काढला. "कापा." सात फूट आणि पाच फूट. सातचा २७ घनफूट, पाचचा १९. दोन्ही तुकड्यांची पुढची कड मामांनी करवतीने गोलाकार तासून दिली, होडीच्या नाळेसारखी. या दहा मिनिटांच्या तासण्याने जे झालं ते विंचच्या आणखी एका टनाने झालं नसतं. चौकोनी कापलेलं नाक जमिनीत नांगरासारखं घुसतं, तासलेलं नाक बांधावर चढतं. ज्या बांधाशी सकाळी अडलो होतो त्याचे वरचे चार दगड काढले, आणि सड्याच्या कडेवर दोर जिथे कातळाला घासत होता तिथे सागाचा एक वासा आडवा टाकला. जांभ्याची धार वायररोपला करवतीसारखी लागते. एकेक तार तुटत जाते आणि हातमोज्याशिवाय हात फिरवला की रक्त येतं, तोवर कळतही नाही.

९ तारखेला सकाळी पाचचा तुकडा आला. काही घडलंच नाही. हळूहळू, डुलत, सड्यावर. गडी जरा निराशच झाले.

सातचा तुकडा कडेपर्यंत तसाच आला आणि कडेच्या पायरीवर थांबला. इंजिनाचा आवाज बदलला, ऐनाचा पट्टा कुरकुरला. ओढ बंद. ड्रमवर आता अडतीस मीटर दोर गुंडाळलेला, विंच अर्धपोटी. ओंडका घसरू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला दोन पाचरी ठोकल्या, मग दोर सैल केला. ऐनाची कप्पी सोडून ती ओंडक्याच्या साखळीला लावली, दोर तिच्यातून फिरवून परत आणला आणि टोक ऐनाच्याच बुंध्याला, या खेपेस पायापाशी, पट्ट्याने बांधलं. ओंडका आता कडेवर, ट्रॅक्टरच्या बऱ्यापैकी समोर होता, म्हणून वळणाची गरज उरली नव्हती. ओढ दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दुहेरी दोरासाठी आणखी दोर सोडावा लागला तेव्हा ड्रम काहीसा रिकामा होऊन तोही जरा जोरात आला. ही कप्पीची दुसरी, न मागितलेली देणगी. ओंडका गोगलगायीच्या चालीने कडेवर चढला, क्षणभर तोल सावरत थांबला आणि सड्यावर आडवा झाला. ट्रॅक्टरवाल्याने दोरी सोडली, ब्रेक लावला आणि मगच बिडी काढली.

सगळं खालून का नाही ओढलं, वाडीच्या बाजूला उताराने सोडून का नाही दिलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. एक तर खाली रस्ता नाही. दुसरं म्हणजे उताराने निघालेला दीड टनाचा ओंडका कुणाचं ऐकत नाही, आणि खाली अकरा घरं. चढावर ओढताना दोर तुटला तर ओंडका फार तर जमिनीला घट्ट बसतो किंवा थोडा मागे येतो. म्हणूनच ओढ चालू असताना ओंडक्याच्या खालच्या अंगाला पाखाडी मोकळी ठेवली होती, वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कितीही कुरकुर केली तरी. मात्र चढाच्या ओढीलाही किंमत असते. तिसऱ्या खेपेनंतर वरकसात हातभर रुंद, वीतभर खोल चर पडला. सड्यावरचं पावसाचं सगळं पाणी अशा चरातून धावतं, आणि दोन पावसाळ्यांत चराची घळ होते. १० तारखेच्या संध्याकाळी गड्यांनी चरात तिरपे आडबांध घातले, दर पाच-सहा मीटरवर एक, आणि मधे आंब्याच्या डहाळ्या भरून तुडवल्या. उरलेली कवळं, म्हणजे डहाळ्यांच्या मोळ्या, पुढच्या वर्षीच्या राबासाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, बांधावर रचली.

११ तारखेला मोसमी पाऊस आला. हवामान खात्याच्या नकाशावर त्या दिवशीची रेघ हर्णैवरूनच जात होती. चरातून पाणी आलं, आडबांधांवर वळलं, बाजूच्या गवतात गेलं. एक बांध वाहून गेला, बाकीचे राहिले.

पैशांचं सांगायलाच हवं, कारण अशा कामात पैसे सुटतात असा एक गोड समज आहे. ट्रॅक्टर-विंच तीन दिवसांत १९ तास चालला, तासाला ८०० प्रमाणे १५,२००. मामा ४,५००, गडी ४,५००, चेन-तेल-पाचरी १,४००. एकूण २५,६०० रुपये. आंब्याचं लाकूड रायवळ आणि हापूस मिळून १४० घनफूट भरलं. परवान्याचे सोपस्कार झाल्यावर ते ११० रुपये भावाने गेलं, म्हणजे १५,४००. वादळानंतर सगळ्यांकडेच लाकूड होतं, भाव कुठून मिळणार? थांबणंही परवडत नव्हतं. आंबा पावसात पडून राहिला की आठ-पंधरा दिवसांत निळी-काळी बुरशी धरतो आणि भुंगा शिरतो. फणस आणि साग धीर धरतात. म्हणून ते घरीच ठेवले, टोकांना डांबर फासून, जमिनीपासून वर. भरपाई झाडांची आली ती नंतर, सुपारीला ५० आणि माडाला २५० रुपये या दराने. रायवळ कुठल्याच रकान्यात बसला नाही.

काकांना बारा फुटी फळ्या मिळाल्या नाहीत. सात फुटांच्या मिळाल्या. माळ्याच्या वाशांमधलं अंतर साडेतीन फूट, त्यामुळे प्रत्येक फळीचा जोड बरोबर वाशावर आला. हे काकांनी मला सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, हसत.

ट्रॅक्टरवाल्याने त्या पावसाळ्यात विंचवर दोन गोष्टी केल्या. ढालीच्या खालच्या कडेला चार दाते जोडून घेतले, जांभ्याच्या भेगांत बसतील असे. दोराच्या शेवटच्या दहा मीटरला लाल रंग मारला. लाल ड्रमबाहेर आला की ओढ सुरूच करायची नाही, कारण दोराचं मुळाकडचं टोक ड्रमला नुसत्या एका चिमट्याने धरलेलं असतं. खरा भार पेलतात ते ड्रमवर उरलेले वेढे. ८ तारखेला आमच्या दोराचे किती वेढे ड्रमवर उरले होते, हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आदल्या दिवशी मी पुण्यात होतो. काकांचा फोन आला, पट्टा आणि कप्पी कुठे ठेवली आहे विचारायला. ऐनाखालच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, आढ्याला टांगलेली, म्हटलं. त्यांनी ती उतरवून, तेल लावून, ओट्यावर आणून ठेवली. त्या खेपेस आमच्याकडे एका सागाची फांदी पडली, ती काकांनी कोयत्यानेच काढली.